तेवीस नंबरचं पत्र

१

आमच्या खांद्यावर बंदूक ठेवून तुम्ही मशीद अडवलीत. बंदूक आमची नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, तरी चाप ओढलात. मी तुमचं नाव घेत नाही. कौन्सिलच्या ज्या काचेच्या ऑफिसात तो निळा गोल शिक्का ठेवलेला आहे, तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला कळेल मी कोणाशी बोलते आहे.

चौकशी तुमचं काम होतं. ती तुम्ही केली नाहीत, आम्ही केली. ती ऐका.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी ब्रेडच्या फॅक्टरीतली शिफ्ट संपवून सकाळी घरी आले, तर दारात एक पिशवी होती. आत माझा पितळी सोऱ्या, लख्ख घासलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सहा वर्षं तो सोऱ्या रुबीनाकडे राहत होता. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी मी घेते, भाजणी माझी. पण चकली पाडायला मनगटात जो जोर लागतो तो माझा संपलाय. दाब रुबीनाचा. रुबीना परकार, माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचं, कोकणी मुसलमान. इथे परदेशात, डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानांत, भाजणीचं पीठ शोधताना भेटली होती. दुकानदाराशी हिंदीत भांडत होती आणि मध्येच मराठीत पुटपुटली की याला थालीपीठ काय कळणार. तिथून आमचं जमलं.

सोऱ्या परत, चिठ्ठी नाही. फोन केला तर दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"अंजू, माझा नवा पत्ता तुझ्या फराळाच्या यादीशिवाय कुठे होता?"

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. तिचा नवरा इक्बाल मशिदीच्या कमिटीवर. स्टँटन रोडच्या रोपांच्या जुन्या नर्सरीच्या प्लॉटवर ते मशीद बांधणार. प्लॅनिंगच्या अर्जावर कोणी काय हरकती घेतल्या ते बघायला तो तुमच्याकडे आला. तुम्ही त्याला गठ्ठा दिलात. त्यात आमच्या मराठी मंडळातल्या लोकांची अडतीस पत्रं होती, सगळ्यांचा मजकूर एक, फक्त नाव, पत्ता, सही वेगळी. पाच नंबरचं पत्र माझं. आणि तेवीस नंबरचं पत्र आर. परकार, म्हणजे खुद्द रुबीनाचं. तिच्या घरासमोर मशीद नको म्हणून ती नम्रपणे हरकत नोंदवत होती.

तिच्याकडच्या बायका आता तिला बघून गप्प होतात. इक्बालच्याच घरातून विरोध गेला म्हणतात. इक्बाल राजीनामा लिहून बसलाय.

"तुला मशीद नको असेल तर नको," रुबीना म्हणाली. "तू सही केलीस, ठीक. पण माझी सही का केलीस?"

मी सही केली नव्हती. तिचीही नाही आणि माझीही नाही.

२

खरं सांगायचं तर तिने माझ्यावर संशय घ्यावा असं मी वागले होते.

मशिदीची चित्रं लायब्ररीत लावली तेव्हापासून आमच्या सबर्बमध्ये प्रत्येकाला एक मत फुटलं होतं. ज्याला जन्मात कधी पार्किंगची काळजी पडली नाही तो शेजारचा ग्लेन कुंपणावर पार्किंगचा बोर्ड लावून बसला. फिश-अँड-चिप्सवाली ग्रीक बाई खूश, शुक्रवारी गिऱ्हाईक वाढेल म्हणून. चर्चच्या फादरने पाठिंब्याचं पत्र दिलं, तर त्याच्याच चर्चमधल्या दोघींनी उठून जाऊन विरोधाचं दिलं. गाडीतून जाणारी पोरं प्लॉटकडे बघून हॉर्न वाजवायची. विरोधात की बाजूने ते त्यांनाही माहीत नसावं.

आणि आम्ही. आम्ही जळत होतो.

नऊ वर्षांपूर्वी तोच प्लॉट आमच्या मंडळाने मागितला होता, हॉलसाठी. तुम्ही नाही म्हणालात. तेव्हापासून आमचा गणपती टेनिस क्लबच्या खोलीत बसतो, मागे ट्रॉफ्यांचं कपाट आणि शेजारी बिअरचा फ्रिज. आरती साडेआठला संपवायची, कारण नऊला त्यांचा डार्ट्सचा ग्रुप येतो. आणि यांना दोन वर्षांत मशीद. लायब्ररीत मी ती चित्रं बघितली, तेव्हा घुमट बघितला नाही. बायकांच्या बाजूचं स्वयंपाकघर बघितलं. सहा शेगड्या, वर हवा खेचणारा पंखा, स्टीलचे ओटे. मी गॅरेजमध्ये तळते. माझ्या पोटात दुखलं, आणि मंडळाच्या चहाला मी ते चारचौघांत बोललेसुद्धा, की यांना सगळं मिळतं, आम्ही बसतो बिअरच्या फ्रिजशेजारी. ते कोणीतरी रुबीनाच्या कानावर घातलं असणारच.

म्हणून मी डोरीनकडे गेले.

डोरीन तुस्कानो वसईची, विमा कंपनीत आहे. लोक गाडी ठोकल्याची खोटी कागदपत्रं पाठवतात, डोरीन ती पकडते. वीस वर्षं तेच करते. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला येते, फराळ नेते, पण तिला कधी कमिटीवर कोणी घेतलं नाही. तिने कधी विचारलंही नाही.

तिने इक्बालकडून सगळ्या पत्रांच्या झेरॉक्स आणवल्या. मला पहिलं विचारलं ते हे, की दिवस किती आहेत. मी म्हटलं, कौन्सिलची बैठक येत्या नाही, त्यापुढच्या मंगळवारी, म्हणजे दहा दिवस. त्या बैठकीत ही पत्रं आमची म्हणून वाचली गेली की रुबीनाचं नाव कायमचं कागदावर.

"फराळाची यादी कोणाकोणाकडे असते?" तिने विचारलं.

चौघांकडे. मुरलीधरकाका फोनवर ऑर्डरी घेतात. अवधूत त्याची एक्सेल शीट करतो. सिद्धार्थ डबे पोचवतो. आणि मी.

"मग तुझ्यापासून सुरू करू," डोरीन म्हणाली आणि माझ्यासमोर कोरा कागद ठेवून दहा वेळा सही करायला लावली. गंमत करत नव्हती.

३

सिद्धार्थवर माझा पक्का संशय होता. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मशिदीविरुद्ध व्हिडिओ टाकणारा तोच. गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला आणि डोरीनने पत्रांचं नुसतं नाव काढलं तर म्हणाला, हो, मला नकोच आहे मशीद, काय करणार आहात? त्याने स्वतःच्या ईमेलवरून स्वतःच्या नावाने हरकत पाठवली होती, ती फोनवर काढून दाखवली. मग चोरून दुसरी कशाला पाठवू, म्हणाला. दुसऱ्यांच्या सह्या करायला मी काय बिनकण्याचा आहे?

डोरीनने काही लिहून घेतलं नाही. निघताना तिने सहज विचारलं, यादीत ते परकार आहेत, त्यांच्याकडे डबा कोण देतं.

"मीच. रुबीनाभाभीकडे." सिद्धार्थचा आवाज एकदम उतरला. "ती नुसता डबा घेऊन सोडते कुठे. ईदला गेलो तर शीरखुर्म्याच्या दोन वाट्या झाल्याशिवाय उठू देत नाही."

याच्या डोक्यात मशीद आणि रुबीनाभाभी कधी एकत्र येतच नव्हत्या.

अवधूत मंडळाचा सेक्रेटरी, आयटीवाला. त्याची बोलताना पापणी लवत होती. पत्रं खोटी आहेत हे ऐकल्यावर त्याला पहिली काळजी ही, की शीट त्याच्या लॅपटॉपवर आहे आणि हे पोलिसात गेलं तर नोकरीचं काय. त्याने न मागता शीट उघडून दाखवली. नावं सबर्बप्रमाणे लावलेली, सिद्धार्थला गाडी फिरवायला सोपी जावी म्हणून. डोरीनने ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि त्यालाही तेच विचारलं, परकार कोण.

फैजानची आई, अवधूत म्हणाला. त्याचा मुलगा आणि फैजान अंडर-ट्वेल्व्हला ओपनिंग करतात, दर शनिवारी संत्र्याच्या फोडी तीच आणते.

राहिले मुरलीधरकाका, त्यांच्याकडे रविवारी सकाळी गेलो. मंडळाचे अध्यक्ष, वय बाहत्तर, सांगलीला पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढून मुलाकडे इथे आलेले. गुडघ्यामुळे घराबाहेर फारसे पडत नाहीत. खिडकीशी खुर्ची, पुढ्यात फोन, मांडीवर फराळाची वही. त्यांच्या घरात सगळ्याला नंबर आहे. औषधांच्या बाटल्यांना, चाव्यांना, आरतीच्या पुस्तकांनासुद्धा.

"या, पाच नंबर," मला म्हणाले. आणि डोरीनला, "या, बारा नंबर. तुम्हाला चिवडा कमी तिखट."

माणसं त्यांच्या लक्षात राहतात ती ऑर्डरीच्या नंबराने. सून मिताली चहा घेऊन आली ती तक्रार करतच. ती घरून काम करते, तिच्या प्रिंटरची शाई मार्चमध्ये आठवड्यात संपली होती. म्हणाली, लेकीच्या प्रोजेक्टने संपवली असणार, काका मध्ये काही बोलले नाहीत.

पत्रांबद्दल त्यांनी ऐकून घेतलं. कौन्सिलचा कारकून गोंधळला असेल, म्हणाले. इंग्रजीतली भानगड आपल्याला काय कळणार, झालं ते झालं, खणत बसू नका. मग डोरीनने चहाचा कप ठेवता ठेवता परकारांचं विचारलं.

काकांचा चेहरा खुलला.

"परकार वहिनी? वा. फोनवर ऐकावं त्यांचं बोलणं. एक इंग्रजी शब्द नाही. आमच्या ऑफिसात एक परकार साहेब होते मालवणचे, तेच वळण. नाहीतर तुम्ही लोक, चकलीला सुद्धा स्नॅक म्हणता."

मी हसले. डोरीन हसली नाही. गाडीत बसल्यावर तिने सीटबेल्ट लावला, पण गाडी सुरू केली नाही. मला म्हणाली, तुझं घर जवळ आहे ना, टेबल मोठं लागेल.

४

माझ्या जेवणाच्या टेबलावर तिने अडतीस पत्रं पसरली.

"वरच्या डाव्या कोपऱ्यात काय आहे?"

प्रत्येक पत्रावर बारीक टाइप केलेला आकडा होता. मी म्हटलं, कौन्सिलने नंबर टाकले असतील. तिने बोट खाली नेलं. कौन्सिलचा बारकोड खाली चिकटवलेला होता. वरचा आकडा पत्राबरोबरच छापलेला, त्याच शाईत. म्हणजे ज्याने पत्रं केली त्याने नंबर घातले.

"खोटी पत्रं पाठवणारा माणूस त्यांना नंबर का घालेल गं? वीस वर्षांत मी एक चोर बघितला नाही ज्याने स्वतःच्या चोरीला नंबर दिला."

तिने ती ओळीने लावली. एक ते चाळीस. पण पत्रं अडतीस. बारा नव्हतं आणि एकोणतीस नव्हतं. मी पाच होते. रुबीना तेवीस. पाच हा माझा नंबर मी त्याच सकाळी ऐकला होता, काकांच्या तोंडून.

"बारा कोण?" डोरीनने विचारलं, जसं तिला माहीत नव्हतं.

"तू."

"आणि एकोणतीस म्हणजे ब्लेझ परेरा, शीटवरच्या नावांत आम्हा दोघांचीच पत्रं नाहीत. अवधूतच्या शीटमध्ये नंबर नाहीत, सबर्ब आहेत. हे नंबर फक्त त्या वहीत आहेत." ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "चाळीस जणांच्या यादीतून दोन ख्रिश्चन आडनावं काढली. बावीस वर्षं तुमच्या गणपतीला येते मी, अंजू. खोट्या यादीतसुद्धा मला जागा नाही."

तिला त्या खोट्या पत्रांचा हेवा वाटला होता, आणि मला तो समजला. ते जास्त वाईट.

तरी मी काकांची बाजू घेतली. म्हटलं, ज्याने आडनावं बघून ख्रिश्चन काढले तो मुसलमान बाईला कशाला ठेवेल? रुबीनाला मुद्दाम त्रास द्यायला कोणीतरी केलंय हे.

"उलट आहे. त्रास द्यायचा असता तर एकटं तिचं केलं असतं. अडतीस कशाला?" डोरीन म्हणाली. "तुस्कानो म्हटलं की कळतं. परेरा म्हटलं की कळतं. परकार म्हटलं की काय कळतं? कोकणात गावावरून आडनाव पडतं, गावात हिंदूही राहतो आणि मुसलमानही. परकार दोन्हीकडे आहेत. तू तिच्यासोबत चकल्या पाडतेस, तुला माहीत. सिद्धार्थ तिचा शीरखुर्मा खातो. अवधूत दर शनिवारी तिला मैदानावर बघतो. या तिघांपैकी कोणीही ते तेवीस नंबरचं पत्र केलं नसतं. ज्याने केलं त्याने तिला कधी बघितलं नाही. फक्त ऐकलंय."

मी म्हटलं, काकांना इंग्रजी येत नाही. तिने एक पत्र माझ्यापुढे सरकवलं. मजकूर असा होता की आय बेग टू स्टेट, आणि शेवटी काइंडली डू द नीडफुल.

"चौतीस वर्षं सरकारी ऑफिसात. कुठल्या टेबलावर होते गं काका?"

ते मला माहीत होतं. त्यांनीच शंभरदा सांगितलं होतं. आवक-जावक विभाग. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर जावक क्रमांक टाकणं हेच त्यांचं काम. नंबराशिवाय कागद टेबलावरून हललाच नाही पाहिजे.

त्या माणसाचा हात खोटं पत्रसुद्धा नंबराशिवाय सोडू शकला नव्हता.

५

आपण जाऊन जाब विचारू, असं मी म्हणत होते. डोरीन म्हणाली, आपण नाही.

रुबीना यायला तयार नव्हती. डोरीन तिच्या दारात अर्धा तास उभी राहिली. काय बोलली मला माहीत नाही. त्याच रविवारी दुपारी आम्ही तिघी मितालीच्या दारात होतो. काका खिडकीशी, पाठ आमच्याकडे. रुबीना दारातूनच बोलली.

"काका, तेवीस नंबर आलीये."

"परकार वहिनी," काका न वळताच म्हणाले, आणि आनंदाने खुर्चीचे हात धरून उठायला लागले. "अहो या, या. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा पाय लागले."

मग वळले. रुबीनाच्या डोक्यावर राखाडी स्कार्फ होता, रोज असतो तसा. काका अर्धवट उठलेले तसेच राहिले. गुडघ्यामुळे नाही.

रुबीनाने पत्र त्यांच्या वहीवर ठेवलं. त्यांनी वाचलं. त्यांचंच होतं, तरी पूर्ण वाचलं, खालपर्यंत. मिताली चहा विचारायला आली आणि दारातच थबकली.

काकांनी नाकारलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. ते कारकुनाच्या आवाजात बोलायला लागले, वरच्या साहेबाला सांगावं तसं. नऊ वर्षांपूर्वी तो प्लॉट त्यांनी मागितला. घरोघर जाऊन, दुकानांबाहेर माणसं उभी करून दोनशे बारा सह्या गोळा केल्या, तेव्हा गुडघे होते. सगळ्या एका पाकिटात घालून दिल्या. कौन्सिलच्या रिपोर्टात आलं, पाठिंब्याचं एक निवेदन प्राप्त. एक. दोनशे बारा माणसं म्हणजे एक. पार्किंग नाही म्हणून अर्ज फेटाळला. आता त्याच प्लॉटवर, त्याच पार्किंगवर, दुसऱ्यांचा घुमट.

"मला घुमटाचा राग नाही," काका म्हणाले. "मला त्यांचं झालं याचा राग आहे. रात्री झोप लागत नाही एवढा. म्हणून या वेळी एकेकाचं वेगळं पत्र केलं. बघू म्हटलं आता कसे एक धरतात."

रुबीना इतका वेळ उभीच होती.

"काका, त्या दोनशे बारांत माझी पण सही होती."

काकांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि पोचलं नाही. तिने परत सांगितलं. ती तेव्हा नुकतीच आली होती, फॉस्टर स्ट्रीटवर दुकानाबाहेर एक बाई कागद घेऊन उभी होती, मराठी हॉल होणार म्हणाली. रुबीनाने सही केली. आपल्या भाषेत बोलायला एक छप्पर होईल, म्हणून केली.

काका आतल्या खोलीत गेले. त्यांच्याकडे प्रत्येक कागदाची स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडे ठेवायची नक्कल असते, दोऱ्याने बांधलेली. त्यांनी ती फाइल आणली आणि पान पान बोटाने उतरत गेले. सोळाव्या पानावर बोट थांबलं. एकशे शहाऐंशी, रुबीना परकार. पूर्ण नाव, स्पष्ट अक्षरात. स्वतःच्या हाताने त्यांनी त्याला नंबर दिला होता आणि नाव वाचलं नव्हतं.

ते बोट त्यांनी बराच वेळ उचललं नाही.

"मिताली," मग ते म्हणाले, "प्रिंटरमध्ये शाई आहे का?"

६

त्याच दुपारी काकांनी कबुलीजबाब टाइप केला. ही अडतीस पत्रं मी केली, सह्या मी केल्या, ज्यांची नावं आहेत त्यांना माहीत नव्हतं. त्यात पहिली ओळ आय बेग टू स्टेट. वर डाव्या कोपऱ्यात नंबर एक्केचाळीस. याने त्यांच्या व्हिसाचं काय होईल हे मुलाने विचारलं, तेव्हा काका म्हणाले, जे व्हायचं ते जावक झालं.

मग आम्ही अडतीस जणांकडून माघारीची पत्रं घेतली. प्रत्येकाने स्वतः सही केली. सिद्धार्थने सुद्धा, आणि वर बजावून सांगितलं की माझ्या ईमेलवरची माझी हरकत तशीच राहणार, ती माझी आहे. डोरीनने त्याला म्हटलं, तीच तर हवी, खरी आहे ती. रुबीनाने सगळ्यात शेवटी केली.

आठवड्यानंतरच्या सोमवारी, बैठकीच्या आदल्या दिवशी, डोरीनने आणि मी ते तुमच्या काउंटरवर दिलं. काकांचा कबुलीजबाब आणि अडतीस पत्रं, एका मोठ्या पाकिटात. तुमच्या मुलीने पाकिटावर निळा शिक्का मारला आणि नो वरीज म्हणाली.

डोरीनने तिथेच तुमची फाइल मागून मूळ अडतीस पत्रं बघितली. झेरॉक्सवर शिक्का नीट उठला नव्हता, मूळ कागदावर उठला होता. अडतीसही पत्रांवर एकच शिक्का. चौदा मार्च, अकरा वाजून वीस मिनिटं. सगळ्या पत्रांना मधोमध एकच घडी. आणि फाइलमध्ये त्यांच्या मागे पिन केलेलं एक खाकी पाकीट.

एकच पाकीट. ज्याने ते फोडलं त्याने बघितलं होतं. अडतीस माणसं एकाच मिनिटाला, एकाच घडीची, एकाच शब्दांची पत्रं घेऊन तुमच्या दारात उभी राहत नाहीत. ते तुम्हाला अकरा वीसला कळलं होतं.

मंगळवारी आम्ही बैठकीत मागे बसलो. रुबीना, डोरीन, मी, मुलाच्या आधाराने काका. तुम्ही मशिदीला परवानगी नाकारलीत. कारण मोठ्याने वाचलंत. स्थानिक भारतीय समाजाचा तीव्र विरोध, अडतीस हरकती. ग्लेनच्या पार्किंगचं नाव नाही, हॉर्न वाजवणाऱ्यांचं नाव नाही. नकार तुम्हाला द्यायचाच होता, आणि आमचं तोंड फुकट मिळालं. एका काळ्या माणसाने दुसऱ्याला नको म्हटलं की तुमचे हात किती स्वच्छ.

काका उभे राहिले. बोलायची वेळ संपली, असं सांगून तुम्ही त्यांना बसवलंत. बाहत्तर वर्षांचा माणूस स्वतःचा गुन्हा कबूल करायला उठला आणि तुम्हाला तो ऐकायचा नव्हता.

रिपोर्टाची प्रत आम्ही घरी आणली. चौथ्या पानावर लिहिलंय, हरकती अडतीस. खाली, बारीक अक्षरात, माघार घेतल्याचं एक निवेदन प्राप्त.

एक. एका पाकिटात आलं म्हणून.

सोऱ्या अजून माझ्या ओट्यावर आहे. परवा रुबीना आली, चहा घेतला, सोऱ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ने ना. ती म्हणाली, "तुझ्यावर राग नाही गं आता. पण त्यांच्या कागदावर तेवीस नंबरला माझं नाव अजून विरोधातच आहे. आमच्या बायका कागद बघतात, मला नाही बघत. कुठल्या तोंडाने तुझ्याकडे दिवाळीच्या चकल्या पाडू?" आणि ती सोऱ्या न घेता गेली.

काकांनी चूक केली, ती लिहून दिली, खाली सही केली. मी जळत होते, तेही मी वर सांगून टाकलंय. आता तुमची पाळी. हॉल मागणारे दोनशे बारा एका पाकिटात आले, तुम्ही एक मोजलेत. मशीद नको म्हणणारे अडतीस एका पाकिटात आले, तुम्ही अडतीस मोजलेत. ते आमचं नव्हे म्हणणारे तेच अडतीस एका पाकिटात आले, तुम्ही परत एक मोजलेत.

पाकीट तुम्हीच फोडलंत. मोजलंतही तुम्हीच. हे कसं मोजलंत, आणि कोणी मोजलं, ते लेखी कळवा. रुबीना परकार, नंबर तेवीस, हिच्या पत्त्यावर. पत्ता तुमच्याकडे आहे.